सासऱ्यांच्या कुत्र्याचं पथ्य

कुत्र्याला खाज सुटली की शेजारपाजारचे सगळे डॉक्टर होतात. कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी गंधक लावा म्हणालं, कुणी कडुलिंबाचा पाला वाटून लावा म्हणालं. एकीने लिफ्टमध्ये नाकाला ओढणी लावून विचारलं, “खरूज आहे ना हो?” “अ‍ॅलर्जी आहे. तुम्हाला लागायची नाही,” मी एवढ्या जोरात म्हणाले की तिच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. रडू दे.

कुत्रा माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या हातचंच खाणारा हा गडी ते गेल्यावर कोपऱ्यात पडून पंजे चाटत राहायचा. पोटावरची कातडी लालबुंद, कानांना आंबूस वास. औषधी शाम्पूचा फेस अंगावर ठेवून मी त्याला धरून बसायची, मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. फिरवून आणला की पाय पुसायचे. माझी कंबर मोडली, पण खाज काही जाईना.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्यातलंच काहीतरी सोसत नाहीये. दोन महिने फक्त उकडलेलं मटण आणि रताळं, तेही बिनमिठाचं. दुसरा एक घास जरी पोटात गेला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इकडे दिराने आधीच ठरवून टाकलं होतं. सोसायटीच्या तक्रारींचा त्याला वैताग आला होता. “रविवारी टेम्पो आणतो. तळोज्याला गोदामावर राहील, राखणही होईल.” गोदामावर म्हणजे दिवसभर साखळीला, पत्र्याच्या सावलीत, नाकात केमिकलचा वास. तिथे याला शाम्पू कोण घालणार, दिराचा ड्रायव्हर? मी भांडभांड भांडले. तेव्हा कुठे तो म्हणाला, रविवारपर्यंत उतार दिसला तर ठेवा.

थोडा उतार पडल्यासारखा वाटतही होता. आणि शुक्रवारी कुत्र्याने मान ओरबाडून रक्त काढलं. मी त्याचं तोंड उघडून वास घेतला तर सुकट! डोकंच फिरलं माझं. नवऱ्याला धरलं. “मी कशाला देऊ? मला काय वेड लागलंय?” तो खेकसला. कामवालीला विचारलं तर ती फणकाऱ्याने निघूनच गेली. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या तांदूळ निवडत होत्या. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. रोज दुपारी सासऱ्यांच्या फोटोपुढे पान मांडायचं, मग ते कावळ्याला ठेवायचं, एवढंच त्यांचं चाललेलं असायचं.

रविवारी दीर आला. टेम्पो खाली उभा. त्याने पट्टा अडकवला तसा कुत्रा जमिनीला चिकटून बसला, नखं लादीवर करकरली. नवरा खिडकीबाहेर बघत होता. मला दोघांना फोडून काढावंसं वाटत होतं.

“सोड त्याला,” सासूबाई म्हणाल्या. हातात नुकतंच फोटोपुढून उचललेलं ताट होतं: भात, कालवण, सुकट. “त्याचा काय गुन्हा? मीच घालते त्याला.”

“आई, कावळ्याला ठेवता ना तुम्ही?” मी म्हणाले.

“कावला येनार कुठून? कबुतरं नको म्हनून सगळीकडं जाली मारलीत तुमी. मग यांचं पान कोन खानार? यांच्या हातचं खाल्लेला हाच एक हाय घरात. यानं खाल्लं की मला वाटतं, ते जेवले.”

दिराचा पट्ट्यावरचा हात सुटला. कुत्रा धावत त्यांच्या पायाशी गेला आणि ताटाकडे तोंड वर करून उभा राहिला.

“पण आई, त्यानेच आजारी पडतोय तो,” मी म्हणाले.

त्यांनी ताट उंच धरलं. “मग आजपासून यांनी उपाशी ऱ्हायाचं का?”



दीर उठून स्वयंपाकघरात गेला, मोठी कात्री घेऊन आला आणि बाल्कनीची जाळी कापू लागला. नायलॉन चिवट होतं, त्याची बोटं कापली, तरी थांबला नाही. हातभर भोक पडल्यावर सासूबाई पुढे झाल्या. ताट कठड्यावर ठेवलं आणि सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.