खारफुटीमागून आमचंच घर बोललं

आमच्या घरात सगळ्यांचे आवाज मला काढता येतात. फक्त काकाचा येत नाही, कारण नक्कल करायला आधी आवाज तर हवा! काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, बिनलग्नाचा. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. पुढे काउंटरवर बाबा, "हे बघा, मी काय म्हणतो, कानामागे टोचत नाही ना?" आणि मागे काकाच्या मशीनची नुसती घर्रघर्र. घरी आला की ताट, पेपर, खोली. मी त्याला म्यूट काका म्हणते. तोंडावर म्हणते. तो हसतो, तेही म्यूटवरच.

रविवारी सकाळी मात्र तो एकटा खाडीवर जाऊन कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, चालवतो. एवढंच त्याचं व्यसन.

गेल्या महिन्यात बाबांनी ठरवलं, शेजारच्या शहरात दुसरं दुकान काढायचं आणि काकाला तिथे बसवायचं. तिथेच राहायचं, काउंटर सांभाळायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचं. काकाने! बोलायचं! जेवताना बाबांनी विचारलं, "जमेल ना?" काका ताटात बघत राहिला. बाबांनी ते हो धरलं. आमच्याकडे काकाचं सगळंच हो धरतात. आईने त्याची बॅग भरली. मी त्याच्या खोलीचा रंग ठरवला.

त्या रविवारी नव्या दुकानाच्या जागेचे मालक अचानक म्हणाले, आजच दुपारी येऊन किल्ली घ्या, नाहीतर दुसऱ्याला देतो. काकाचा फोन बंद. मग बाबा, आई, मी आणि ती भरलेली बॅग, असे सगळे गाडीत बसून थेट खाडीवर. बाबांचा बेत साधा होता : पाण्यातून काढायचा आणि गाडीत घालायचा.

धक्क्यावर कयाकवाला लाइफ जॅकेटं वाळत घालत होता.

"चष्म्याच्या दुकानातले एक जण कयाक घेऊन गेलेत ना?" बाबांनी विचारलं.

"गेलेत की. येतीलच, आवाज येईल आता."

"आवाज?" आई म्हणाली. "छे हो, तो दुसरा कुणीतरी. आमचे भाऊजी बोलत नाहीत."

"असेल बाई. जाताना एकटेच जातात," कयाकवाला म्हणाला, "येताना चौघं येतात."

वाऱ्याचं नाव नव्हतं. खाडी तिथे वळते आणि वळणावर खारफुटी इतकी दाट, की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. आणि त्या झाडीमागून बाबा बोलले.

"हे बघ, मी काय म्हणतो, तुला तिथे कमी काय आहे?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं. आईने त्यांचा दंड गच्च धरला. "अहो, तुम्ही तर इथे आहात!"

मग झाडीमागून आई बोलली. "मी आपली सांगते हं भाऊजी, मला काय त्यात. मोजे बाजूच्या कप्प्यात आहेत. जेवणाची हयगय करायची नाही." मधला तो उसासा, 'जी'वरचं ते चढणं! मला ते कधीच जमलं नव्हतं.

"मी अशी बोलते?" आई पुटपुटली.

माझ्या अंगावर काटा आला, पण अर्धा आनंदाचा. घरात आणखी एक नकलाकार, आणि माझ्याहून भारी! तेवढ्यात मीच आले.

"काकाऽऽ, तू गेलास की खोली माझी ना? भिंत जांभळी करू? नाहीतरी तू काही बोलणार नाहीस!"

कान तापले माझे. मी अस्संच म्हणाले होते, हसत हसत. माझी नक्कल आजवर कुणी केली नव्हती. ऐकायला फार आगाऊ मुलगी वाटली ती.

मग नुसती वल्ह्याची चुबुकचुबुक. आणि मग एक आवाज, जो ओळखूच येईना. जाडसर, जरा गंजलेला.

"दादा, मी जाणार नाही." थांबला. "दादा, राग मानू नकोस, पण..." मग स्वतःवरच चिडून, "मानला तर मानू दे. जाणार नाही!"

"महिनाभर हेच चाललंय," कयाकवाला हळूच म्हणाला. "आज जरा जमलंय."

कयाकचं पिवळं टोक झाडीबाहेर आलं, मग काका. समोर आम्ही तिघं आणि बॅग. त्याचं वल्हं हवेतच राहिलं. चेहरा पांढराफटक. कयाक आपली आपण सरकत आमच्याकडे येत राहिली.

बाबांनी घसा खाकरला. "हे बघ, मी काय..." पुढे त्यांना जाताच येईना. ते वाक्य आता त्यांचं राहिलंच नव्हतं.

मला धास्ती एकच : हा आता मान खाली घालेल आणि बाबा ते हो धरतील.

कयाक धक्क्याला टेकली.

"दादा," काका म्हणाला. "मी जाणार नाही. मला आपली मागची खोली आवडते. आणि रविवारी मला इथे यायचं असतं."

"मग महिनाभर बोलला का नाहीस?" बाबा ओरडले.

"विचारून तू थांबलास कुठे?"

बाबा त्या बॅगेवरच बसले. तिथूनच त्यांनी जागेच्या मालकांना फोन लावला. "नको आम्हाला जागा. नाही, भाड्याचं काही नाही." पलीकडून कारण विचारलं असावं. बाबांनी काकाकडे पाहिलं, पाण्यातून कुणी अनोळखी माणूस निघाल्यासारखं.

"भाऊ नाही म्हणतोय," ते म्हणाले. मालकांनाही ते खरं वाटलं नसावं, कारण बाबांना पुन्हा सांगावं लागलं. "हो हो, तोच. मीपण आत्ताच ऐकलं."