लेनच्या पलटणीचे चेहरे

थेल्मा पॉडमोरला तिसरा नंबर मिळाला, आणि तोही स्वतःच्याच हाताची नक्कल करण्यात. इंग्लंडातल्या बर्स्लेम गावात ही गोष्ट सांगताना लोक अजून आधी हसून घेतात. हसण्यासारखं आहेच. पण त्या शनिवारी दुपारी चॅपलमागच्या हॉलमध्ये जे उभे होते, त्यांच्यापैकी एकालाही हसू फुटलं नव्हतं.

थेल्मा पंधराव्या वर्षी चिनीमातीच्या कारखान्यात रंगकामाला लागली. पहिली दोन वर्षं बशीच्या कडेने सोनेरी रेघ ओढायची, मग पानं, मग पाकळ्या. बाहुल्यांच्या चेहऱ्यांना हात लावायला सातवं वर्ष उजाडावं लागलं. घेरदार झगे घातलेल्या, हातात फुलांची टोपली धरलेल्या त्या बाहुल्या देशभरच्या दिवाणखान्यांत उभ्या असायच्या आणि त्यांच्या बुडाशी नाव असायचं ते नक्षीकार साहेबांचं. साहेब लंडनला राहायचे. थेल्माने त्यांना दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा पाठमोरं. बाकांवर बसून रंगवणाऱ्या तीस बायकांचं नाव कुठेच नसे. देखरेखीला मिसेस टॅम्स नावाची बाई होती, ओठ कायम शिवल्यासारखे मिटलेले. ती पोरींना बाकाच्या नंबराने हाक मारी. थेल्मा छत्तीस वर्षं चौदा नंबर होती. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा तिला निरोपाचं घड्याळ मिळालं, त्यावरही कारखान्याचंच नाव.

नवरा लेन बसडेपोत फिटर होता. गडी दांडगा, बोटं केळ्यांएवढी, स्वभावाने गाईसारखा गरीब. त्याला नाद लागला छोट्या शिपायांचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढायांतले, अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे शिपाई. ते रंगवायचे, त्यांच्या पलटणी करायच्या आणि शनिवारी हॉलमधल्या टेबलांवर फासे टाकून एकमेकांच्या पलटणी लोळवायच्या. पन्नाशीचे बापे त्यासाठी आठवडाभर जीव टांगून बसत. दर हिवाळ्यात या शौकिनांच्या मंडळाचं रंगकामाचं आव्हान असे. एक विषय ठरायचा आणि तीन महिन्यांत त्यावर पलटण रंगवून आणायची. पायदळाच्या शिपायाला पाच गुण, घोडेस्वाराला दहा. नियम होते फक्त चार आणि त्यातला तिसरा होता: सगळं काम एकाच हाताचं.

लेनने पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा विषय होता बर्फातली माघार. कोट, विजारी, घोडे, पायाखालचा चिखलमिश्रित बर्फ, सगळं त्याने इतकं मन लावून केलं की बघत राहावं. चेहरे मात्र गोवर आलेल्या बटाट्यांसारखे. थेल्मा गॅसजवळ उभी होती, मटण-बटाट्याचं कालवण रटरटत होतं.

"आण इकडे," ती म्हणाली. "बघवत नाही मला."

"अगं, पण नियम आहे."

"नियम राहू दे. यांना बघून शत्रू पळायचा नाही, डॉक्टर बोलवेल."

कालवण शिजेपर्यंत तिने आठ चेहरे केले. शिपायाला उलटा धरायचा, म्हणजे हाताला कळत नाही की आपण डोळा काढतोय. हाताला कळलं की तो बिचकतो. श्वास धरायचा, ठिपका ठेवायचा, श्वास सोडायचा. हनुवटीखाली हिरव्याची नुसती चाहूल. गालाला दोन रंग, एक थंडीचा, एक जगण्याचा. लेनचा पहिला नंबर आला.

"सांगितलंस का त्यांना?" तिने विचारलं.

"सांगणारच होतो गं. पण एकदम टाळ्याच पडल्या."

"मग?"

"पुढच्या वर्षी सांगतो. देवाशपथ."

ते पुढचं वर्ष एकोणतीस वेळा आलं आणि गेलं. अकरा कप घरी आले. दूरदूरची माणसं 'लेनचे चेहरे' बघायला बर्स्लेमला यायला लागली. थेल्माला सुरुवातीला यात गंमतही वाटे, नाही असं नाही. दोघांची मिळून केलेली खोडी होती ती. शिवाय तिने आपली एक वेगळीच मजा काढली होती. पलटणींना ती कारखान्यातल्या बायकांचे चेहरे द्यायची. वर मिशी चिकटवली की कुणाच्या बापाला ओळखू येत नसे. तिरळी एडना ढोल बडवायची, जाड्या आयरीनच्या खांद्यावर निशाण. आणि पांढऱ्या घोड्यावरचा कर्नल म्हणजे साक्षात मिसेस टॅम्स, गलमिश्यांसकट.

पण एका वर्षी ती हॉलमध्ये सगळ्यांना चहा देत होती आणि कुणीतरी लेनला विचारलं, डोळ्यांत हा जीव कसा आणतोस बाबा? लेन म्हणाला, "हाताला सवय लागते." तिथल्या तिथे थेल्माने किटली टेबलावर ठेवली आणि पायी घरी निघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेन रांगेत उभा राहून तिच्यासाठी चीज घातलेली ओटची गरम धिरडी घेऊन आला. तिने ती खाल्ली. त्याला माफ मात्र केलं नाही. तिचा त्याच्यावर जीव होता आणि रागही होता. चाळीस वर्षांच्या संसारात दोन्ही सुखाने नांदत होते.

शेवटच्या दुखण्यात, हॉस्पिटलच्या खाटेवर, लेन आपणहून म्हणाला, "थेल, सांगायला हवं होतं मी." ती म्हणाली, "मग आता सांग. तोंड आहे अजून." तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी नेव्हिल ब्लूर द्राक्षांची पिशवी घेऊन दारात हजर. लेनने त्याच्याकडे बघितलं, थेल्माकडे बघितलं आणि फुटबॉलचा विषय काढला. चार दिवसांनी तो गेला.

दोन वर्षांनी मंडळाने ठरवलं, लेनचे चारशे शिपाई गावच्या लायब्ररीत काचेच्या कपाटात कायमचे मांडायचे. नेव्हिल कपाटावर लावायच्या कार्डाचा नमुना दाखवायला घरी आला. निवृत्त पोस्टमास्तर, अक्षर मोत्यासारखं. 'रंगकाम: लेनर्ड पॉडमोर.'

"हे चूक आहे," थेल्मा म्हणाली. "चेहरे मी केलेत."

नेव्हिलने कप खाली ठेवला आणि तिच्या हातावर हळूच थोपटलं. "मिसेस पॉडमोर, दुःखात होतं असं माणसाला. माझी बहीण नवऱ्याची टोपी घालून फिरायची."

"मी टोपी घातलेली नाही. सगळे चेहरे माझे आहेत. नाव घाला."

"म्हणजे लेन तीस वर्षं आमच्याशी खोटं बोलला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो. माणूस चांगला होता आणि खोटं बोलत होता. दोन्ही जमतं माणसाला."

नेव्हिल लालबुंद झाला. मग पोस्टमास्तराला शोभेल असा तोडगा त्याने काढला. यंदाच्या आव्हानाचा विषयच होता 'लेनची पलटण': बारा शिपाई, थेट लेनच्या पद्धतीने रंगवलेले. पाकिटात नाव बंद, टेबलावर फक्त नंबर. "तुम्ही भाग घ्या. हात तुमचा असेल तर दिसेलच की! पहिल्या आलात तर कार्ड मी स्वतः बदलतो."

थेल्माने लगेच हो म्हटलं, आणि तिथेच तिचं चुकलं. जे आपलंच आहे हे आपल्याला ठाऊक आहे त्याची परीक्षा द्यायला बसूच नये. पण ती बसली. तीन महिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तिने बारा शिपाई केले, आणि खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

निकालाच्या दिवशी हॉलमध्ये साठेक माणसं होती. लायब्ररीत जायचं कपाटही तिथेच मांडलं होतं, चारशे शिपाई आत, काच उघडी. परीक्षक तिघे, त्यांतला एक नेव्हिल. पहिला आला गॅरेथ, गावातला दातांचा डॉक्टर. तो डोळ्यांना कामावरचं भिंग लावून रंगवायचा. "लेन परत आला असं वाटतं," परीक्षकांनी जाहीर केलं. टाळ्या. दुसरा कुणी तरी. तिसऱ्या नंबराचं पाकीट फोडून नेव्हिलने नाव वाचलं आणि शेरा वाचला: "हात चांगला. पण लेनची नक्कल करण्याची धडपड जाणवते. लेनच्या चेहऱ्यांतला पुरुषी करारीपणा साधलेला नाही."

थेल्मा उठली. बक्षीस घ्यायला उठली असं समजून लोक टाळ्या वाजवू लागले. ती कपाटाकडे गेली, हात घालून तिने पांढऱ्या घोड्यावरचा कर्नल उचलला आणि रंगाच्या पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला.

"पुरुषी करारीपणा," ती म्हणाली. "ही मिसेस टॅम्स आहे. छत्तीस वर्षं तिने मला नंबराने हाक मारली."

आणि तिने चेहरा पुसला. एकदा वार्निश गेलं, दुसऱ्यांदा गलमिश्या, तिसऱ्यांदा डोळे. उरलं नुसतं करडं धातूचं बोंड. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. नेव्हिलच्या हातातली पाकिटं खाली पडली.

"हे काय केलंत! लेनचा कर्नल!"

"लेनचा ना? मग सांगा लेनला, परत रंगव म्हणावं."

दातांचा डॉक्टर पुढे आला. मुलगा सरळ होता. त्याने आपला सगळ्यात बारीक ब्रश तिच्यापुढे धरला. "तुम्हीच रंगवा ना. इथेच, आमच्यासमोर. प्रश्नच मिटेल."

सगळ्यांना वाटलं, आता बसेल. खुद्द तिलाही क्षणभर वाटलं. हात शिवशिवत होते तिचे.

"परीक्षा देऊन झाली माझी आत्ताच," ती म्हणाली. "तिसरी आले." कर्नल टेबलावर ठेवून, कोट चढवून ती बाहेर पडली. घरी येऊन मात्र रडली, आणि रडताना लेनला मनसोक्त शिव्या दिल्या.

बारा दिवसांनी दारावर थाप पडली. नेव्हिल आणि गॅरेथ. नेव्हिलच्या हातात बिस्किटांचा डबा, डब्यात कापसावर कर्नल.

"मी तीनदा केला, तीनदा पुसला," गॅरेथ म्हणाला. "भिंग लावून, फोटो समोर ठेवून. दरवेळी दुसराच कुणीतरी होतो. मग मी कपाटातले बाकीचे सगळे नीट बघितले आणि तुमचे बारा बघितले. मिसेस पॉडमोर, मी दिवसभर माणसांची तोंडंच बघतो. ते एकाच हाताचे आहेत. माझा कप तुम्ही घ्या."

"कप नकोत मला. अकरा आहेत, त्यांत बटणं ठेवते मी. कार्ड आणलंय?"

नेव्हिलने खिशातून कार्ड काढलं. 'रंगकाम: लेनर्ड पॉडमोर, पत्नीच्या साहाय्याने.' थेल्माने ते वाचलं आणि दार लावायला घेतलं.

"थांबा, थांबा! मग काय लिहू?"

"लिहा. चेहरे: थेल्मा पॉडमोर. कोट, विजारी, घोडे आणि जमीन: लेनर्ड पॉडमोर. जमीन विसरू नका. जमीन फार सुंदर करायचा तो."

"पण तिसरा नियम... ते अकरा कप..."

"न्या की. बटणं ओतून घ्या तेवढी."

नेव्हिल उंबऱ्यावरच, डबा मांडीवर घेऊन, नवं कार्ड लिहायला बसला. लिहून झाल्यावर त्याने ते तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात तिने लग्नाच्या दाखल्यानंतर पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" नेव्हिल म्हणाला आणि कर्नल पुढे केला. "आता याचा चेहरा तेवढा. गुरुवारी कपाट उघडायचंय."

थेल्माने कर्नल खिडकीच्या उजेडात धरला. कुठून सुरुवात करायची ते तिच्या बोटांना पाठ होतं. पंधरा मिनिटांचं काम.

"नेव्हिल, हे कार्ड तुम्ही ते खरं आहे म्हणून लिहिलंत, की चेहरा हवाय म्हणून?"

"गुरुवारी कपाट उघडायचंय," नेव्हिल परत म्हणाला.

"मग हा असाच उभा राहील," थेल्मा म्हणाली आणि कर्नल त्याच्या कापसावर ठेवला.

तो अजून तसाच आहे. लायब्ररीच्या जिन्यापाशी, पुढच्या रांगेत, पांढऱ्या घोड्यावर, चेहऱ्याच्या जागी करडं बोंड. चारशे जिवंत चेहऱ्यांत लोकांची नजर नेमकी त्याच्यावरच जाते आणि ते विचारतात, याला काय झालं? लायब्ररीत टेबलाशी बसणाऱ्या बाईंना रोज कुणाला ना कुणाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तराची सुरुवात थेल्मा पॉडमोर या नावानेच करावी लागते.