बोनेटमधला चेहरा

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास मांडवीच्या वाटेवर एक गृहस्थ रोज दिसायचे. बोटीवरची नोकरी संपवून घरी आलेले. खाऱ्या वाऱ्याने पांढुरक्या पडलेल्या जुन्या निळ्या मोटारीच्या बोनेटवर पॉलिशचं फडकं घासत असायचे, तेही तळहाताएवढ्या एकाच जागी.

एकदा फडकं निळं झालेलं बघून मी थांबलो. "काका, रंगच निघतोय. सरळ नवा मारून घ्या."

"निघतोय तो मेलेला हो," ते मान वर न करता म्हणाले. "जिवंत खाली आहे."

मी हसून पुढे गेलो.

पावसाळ्याआधी एका सकाळी बघतो, तर बंपरवर साबणाची वाटी, आणि काका बोनेटवर वाकून दाढी करतायत. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जरा बाजूला व्हा," ते बोनेटकडे बघत म्हणाले, "उजेड अडवताय."