विमानातून दिसलेलं बावखल

मी विमानात रुमाल टाकून जागा धरली.

हसा. बरोबर असलेला सावंत अजून हसतो. पण ज्याची सगळी शाळा आगाशीच्या एसटीत गेली, त्याला दुसरं काय सुचणार? दार उघडं दिसलं, आत रिकाम्या सीटा दिसल्या, हात आपोआप खिशात गेला… बरं, रुमाल सीटवर तरी पडावा. तो आधीच जाऊन बसलेल्या एका गुजराती गृहस्थांच्या टकलावर पडला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस वेंधळा दिसतो, ह्याला काहीही दिसत असेल. वेंधळा आहे, मान्य. पण काहीही दिसणाऱ्यांतला नाही. विरारजवळच्या आमच्या नंदाखालला चिंचेवरची बाई, विहिरीवरचा पांढरा माणूस असल्या गोष्टी घरोघरी ओटीवर ऐकायला मिळतात. मी सगळ्या ऐकल्या, आणि सांगणाऱ्याला दर वेळी "तुम्ही काय घेतलं होतं?" असं विचारून शिव्याही खाल्ल्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. आता… आता मला विचारू नका.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी सातिवलीला एका छोट्या कारखान्यात फिटर होतो. बर्फाच्या फॅक्टऱ्यांना लागणारे कॉम्प्रेसरचे पार्ट आम्ही बनवायचो. ऐन एप्रिलमध्ये दीवच्या एका फॅक्टरीचं मशीन बसलं, तिकडे मासळी सडायला लागली, आणि ज्या शेठने आम्हाला कधी रिक्षातून पाठवलं नव्हतं त्याने मला आणि सावंतला थेट विमानाने धाडलं. सावंत माझा कामातला जोडीदार. मूळचा कणकवलीकडचा, राहायला विरारला. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास.

घरी मात्र तेव्हा सुतक असल्यासारखं वातावरण होतं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. आधी पानवेली गेल्या, मग केळीची पानं कडेने करपायला लागली. बा (म्हणजे माझे वडील) रोज सकाळी वाडीत चक्कर मारून यायचा आणि ओटीवर बसून राहायचा. शेवटी त्याने ठरवलं की वाडी बिल्डरला द्यायची. बिल्डर रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर घरी येणार होता, होकार घ्यायला.

वाडी वाचायची एकच आशा होती, बावखल. आमच्याकडे वाडीतल्या छोट्या तळ्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि जवळची विहीर गोड राहते. आमचंही एक होतं म्हणे. आजोबांनी ते बुजवलं, तेव्हा बाचा जन्मही झाला नव्हता. का बुजवलं ते कुणी सांगितलं नाही, आणि नेमकं कुठे होतं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बाने दोन ठिकाणी खणून पाहिलं होतं. पांढरी रेती आणि शेजाऱ्यांचे सल्ले, एवढंच निघालं.

तर विमान. विमान कसलं, पंख लावलेली टेम्पो ट्रॅक्स! विमानतळावर बॅगेबरोबर मलाही काट्यावर उभं केलं, केळीचा लोंगर तोलतात तसं. आत मधोमध अरुंद वाट, डावीकडे एक सीट, उजवीकडे एक सीट. प्रत्येकाला आपली खिडकी. म्हणजे रुमालाची गरजच नव्हती. मी डावीकडे बसलो, सावंत वाटेपलीकडे उजवीकडे.

उडाल्यावर थोड्या वेळाने मी बाहेर पाहिलं, तर पंखा उलटा फिरत होता. मग हळू झाला. मग चक्क थांबला.

"सावंत! पंखा बंद पडला!"

"गप रे! तसाच दिसतो तो."

"अरे, पाती मोजता येतायत!"

"मग मोज आणि गप बस."

पुढचे गृहस्थ डोक्यावर हात धरून मागे वळले. त्यांना वाटलं, मी परत काहीतरी फेकतोय. सावंतने माझा चेहरा बघितला, वाट ओलांडून ओकायची कागदी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि परत आपल्या खिडकीशी गेला. मी ती उघडून तोंडाशी धरली. तेवढ्यात सावंत ओरडला, "पास्कू, अर्नाळ्याचा किल्ला! बघ, बघ! तुझं गाव आलं!"

गाव म्हटल्यावर मी पिशवी बाजूला केली आणि काचेला नाक लावलं.

त्या थांबलेल्या पंख्याच्या पात्यांमधून खाली आमची वाडी दिसली.

आमचीच. घरासमोरचा सिमेंटचा क्रूस, वाकडा माड, आणि गच्चीवर मी अँटेनाला बांधलेलं जर्मनचं ताट. (दूरदर्शन स्वच्छ दिसावं म्हणून. दिसलं नाही.) इतक्या उंचीवरून ताट दिसत नाही, हे मलाही कळतं. पण दिसलं. आणि क्रूस आणि वाकड्या माडाच्या मधे, जिथे मी मश्रूम पिकवायची शेड बांधली होती, तिथे शेड नव्हती. पाणी होतं. काठोकाठ भरलेलं, हिरवट, शांत. घराच्या बाजूने काठावर एक मोठा सपाट दगड. त्या दगडावर कुणीतरी पाठमोरं ओणवं बसलं होतं, कपडे धूत असल्यासारखं. बाई की पुरुष ते कळलं नाही. मग पंखा पुन्हा भरभर फिरायला लागला आणि सगळं पांढरं झालं. मी पिशवी पकडली आणि तिचा जो काय उपयोग करायचा तो केला.

दीवला मशीन चालू करेपर्यंत मी कुणाला काही बोललो नाही. परत ट्रेनने आलो. घरी पोचलो तो शनिवार उजाडला होता. बा ओटीवर बसला होता. बा आमच्या बोलीत बोलतो, ती तुम्हाला झेपणार नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहितो.

"बा, त्या बिल्डरला नको सांग."

"का? लॉटरी लागली?"

"आपलं बावखल दिसलं मला."

"कुठे?"

"विमानातून."

बाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दीवला गेला होतास ना? तिथे स्वस्त मिळते म्हणतात."

आयुष्यभर लोकांना जे विचारत आलो, तेच माझ्या तोंडावर आलं. मी शपथा घेतल्या. पाणी कुठे होतं ते सांगितलं, दगडाचं सांगितलं. बसलेल्या माणसाचं नाही सांगितलं. का कोण जाणे, जीभच वळली नाही.

"नेमकं कुठे म्हणालास?"

"माझ्या शेडखाली."

बा लगेच उठला. "मग खणू या. पाणी नाही लागलं तरी शेड जाईल."

त्या शेडमध्ये मश्रूम सोडून सगळं उगवलं होतं, हे इथे नमूद करतो.

दुपारपर्यंत शेड पाडून मजूर खणायला लागले. आधी लाल मुरूम लागला. तो आमच्या जमिनीचा नव्हेच, बाहेरून आणून टाकलेला. मग फुटकी कौलं. मग काळा गाळ, त्याला तळ्याचा वास. बा कडेला उभा राहून एकदा खड्ड्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मग पहार दगडावर वाजली. माती बाजूला केली तर घराच्या बाजूलाच मोठा सपाट दगड. मधोमध झिजलेला, जसा धुऊन धुऊन झिजतो. बाने क्रूसाची खूण केली. मी खाली बसलो, आणि नेमका गाळात बसलो.

उन्हं कलायच्या आत खड्ड्यात पाणी पाझरायला लागलं. बाने ओंजळीत घेतलं, सवयीने थुंकायला तोंड वळवलं… आणि गिळलं. मग पुन्हा घेतलं.

"गोड आहे," तो म्हणाला. एवढंच.

रविवारी बिल्डर आला. त्याला शहाळं पाजलं आणि वाटेला लावलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विहीरही सुधारली. केळी आजही उभी आहे.

गावात माझा भाव वधारला. लोक पाणी दाखवायला बोलवायला लागले. मीही डोळे मिटून वाड्यांतून फिरलो, खोटं कशाला बोलू! एके ठिकाणी छातीठोकपणे जागा दाखवली, तिथे शेजाऱ्याच्या संडासाची टाकी निघाली. माझं दुकान तिथेच बंद झालं.

पण खरा गोंधळ पुढेच आहे. बावखल बघायला सावंत एकदा घरी आला. दगडावर बसून केळी खाता खाता म्हणाला, "पण पास्कू, तुला हे दिसलं कुठून?"

"खिडकीतून. तूच नाही का ओरडलास, गाव आलं म्हणून?"

"अरे, मी माझ्या खिडकीतून बघत होतो. उजवीकडच्या. किल्ला माझ्या बाजूला होता."

"मग?"

"मग काय मग? आपण उत्तरेला चाललेलो. किल्ला समुद्रात, तुझं गाव त्याच्याही पलीकडे, जमिनीवर. सगळं माझ्या बाजूला. तू डावीकडे होतास, येड्या! तुझ्या खिडकीत नुसता समुद्र, थेट अरबस्तानापर्यंत."

माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं. मग त्याच केळ्याचं विमान करून आम्ही अंगणात उडवलं. एक चप्पल किल्ला, दुसरी आमचं घर. केळं सरळ नेलं, तिरकं नेलं, वळवून नेलं. विमान तिथे वळलंच नव्हतं, ह्यावर सावंत ठाम. मी डावीकडे होतो, ह्यावर मीही ठाम, कारण पिशवी द्यायला सावंतला वाट ओलांडून माझ्याकडे यावं लागलं होतं. मला झोप लागली असेल म्हणावं, तर ओकताना कोण झोपतं? काचेत पलीकडचं प्रतिबिंब पडलं असेल म्हणावं, तर पलीकडे तरी तेव्हा बुजलेलं बावखल कुठून दिसणार? आणि ते दगडावर बसलेलं माणूस… ते तर मी सावंतलाही सांगितलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहितोय.

इतकी वर्षं झाली, मला काही उलगडलेलं नाही. कुणाला काही सुचलं तर सांगा.

त्या दिवशी आमचं केळं तिसऱ्यांदा उडालं तेव्हा बा पान चघळत ओटीवरून बघत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "कशाला डोकं खाताय? चुकीच्या बाजूला बघत बसला असणार. नेहमीचंच आहे त्याचं."