थोरल्या वहिनींचा पाहुणा

थोरल्या वहिनी उभ्या राहायच्या त्या दाराच्या चौकटीला पाठ लावूनच. आईचं बोलणं ऐकताना, दारात आलेल्या भाजीवालीशी घासाघीस करताना, कायम. सणसरच्या आमच्या घरी येणारे पाहुणे म्हणत, किती मर्यादशील सून. मर्यादेचा काही संबंध नव्हता. वहिनींच्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथं, नायटा होता. चारचौघांत खाजवता येत नाही म्हणून त्या चौकटीच्या कडेला पाठ घासत. तेवढ्या जागेवरचा रंग उडून लाकूड दिसू लागलं होतं.

त्या नायट्याला त्यांनी पाहुणा म्हणायला सुरुवात केली होती. "भावजी, आज पाव्हणा लई जोरात हाय," असं म्हणून स्वतःच हसायच्या. मी सर्वांत धाकटा दीर, तेव्हा बारामतीला कॉलेजात जाणारा. घरात हे बोलण्यासारखा त्यांना मीच होतो. वहिनींच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या थोरल्या दादांनी, मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली होती. दोन दिवसांत खाज थांबली. महिन्याभरात कमरेचं कडं दुप्पट झालं आणि उजव्या मनगटावर दुसरं उठलं.

त्याच सुमाराला त्यांच्या लेकीचं, सुरेखाचं, बावड्यात लग्न ठरलं. वहिनी कधी काही मागत नसत. या वेळी मला म्हणाल्या, "पोरीला हळद माझ्या हातानं लावायचीय. तवर ह्यो गेला पायजे." दादांना विचारून मी त्यांना एसटीनं बारामतीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

"रक्त खराब झालंय का वो?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"रक्ताचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "ही बुरशी आहे. ओलसर भाकरीवर येते तशी. ओल आणि घाम मिळाला की वाढते." ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात खाज दाबणारं औषध होतं. खाज दबली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. त्यांनी नवं मलम दिलं. कड्याच्या बाहेरही बोटभर लावायचं, आणि दिसेनासं झालं तरी आणखी दोन आठवडे सोडायचं नाही. अंग पुसायचा पंचा स्वतःचा वेगळा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यानंही औषध घ्यायचं. आणि अंगातले कपडे उन्हात कडक वाळवायचे.

परतीच्या एसटीत वहिनींनी एकेक नियम बोटांवर मोजला. मग म्हणाल्या, "बाकीचं करीन कसंबी. ऊन कुठनं आणू?"

आमच्या घरात बायकांचे आतले कपडे मोरीमागच्या बोळात वाळत. तेही उघडे नाहीत, वर साडी पसरून. त्या बोळात ऊन कधीच पोचत नसे. वहिनींकडे परकर दोन. हिशेब सोपा होता: एक अंगावर, दुसरा ओला. पंचेही सात माणसांत दोनच. मी स्वतंत्र पंचा आणून दिला. चार दिवसांत तो सगळ्यांचा झाला.

अंगणात मात्र दिवसभर ऊन असे, आणि दिवसभर आबा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसलेले असत. एकदा ते उसाच्या नोंदीसाठी कारखान्यावर गेलेले बघून वहिनींनी परकर अंगणातल्या दोरीवर टाकला. आबा लवकर परतले, बरोबर दोन पाहुणे. सुनेला ते काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, "घराची लाज दोरीवर टांगलीया का?"

आईनं परकर ओढून काढला. "बाईमाणसाची कापडं चारचौघांत? आमी न्हाय का संसार केला?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगू लागलो. "तू तुझं कालेज बघ," आईकडून एवढंच उत्तर मिळालं. वहिनी ओला परकर घेऊन बोळाकडे निघाल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "पाव्हण्याचा मुक्काम वाढला, भावजी."

हळदीच्या दिवशी मनगटावरचं कडं बांगड्यांत लपेना. आई म्हणाली, "तू लांब ऱ्हा. पोरीला लागायचं." यात खोटं काही नव्हतं, नायटा लागतोच. हळद चुलत्यामालत्यांच्या बायकांनी लावली. सुरेखा दोनदा म्हणाली, "आई, ये की." वहिनी दारात उभ्या होत्या, हात पदराखाली. त्या दिवशी त्या चौकटीला टेकल्या नाहीत.

पुढं आबांनाच नायटा झाला. त्याच डॉक्टरांनी तेच मलम दिलं, तेच नियम सांगितले. घरात माणशी एक पंचा आला. आबांचं धोतर अंगणात, भर उन्हात वाळू लागलं. ते धूत वहिनीच. दीड महिन्यात आबा बरे झाले. "आबांचा पाव्हणा शहाणा निघाला," वहिनी म्हणाल्या. या वेळी हसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या काविळीनं गेल्या. नायटा शेवटपर्यंत होता.

दहाव्याला भावकीतल्या बायकांनी घरातलं सगळं कापड धुवायला काढलं. बोळात मावेना म्हणून अंगणात जादा दोऱ्या बांधल्या. त्यावर वहिनींचे दोन्ही परकर आले, वर साडी न पसरता. बाजेवर आबा बसलेले बघून एक बाई थबकली, "काढू का?" म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "आता कुणाची लाज."

दुपारी मी जाऊन हात लावून बघितलं. दोन्ही कडक वाळले होते.