सात मात्रांचा सूड

गिटारची तार पिळताना तो कान लाकडाला टेकवायचा आणि पुटपुटायचा, "ऐकवतो त्याला."

'त्याला' म्हणजे त्याच्या बँडमधल्या गायकाला. दोघं कॉलेजपासून एकत्र. यानं एक लांबलचक धून बांधली होती, मध्येच ताल बदलणारी. तिचा सुरुवातीचा तुकडा गायकानं परस्पर साबणाच्या जाहिरातीला दिला, स्वतःच्या नावावर. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी टीव्हीवर तो तुकडा वाजायचा. माझ्या शेजारीच राहणारा हा गॅलरीचं दार लावून घ्यायचा.

भाईंदर पूर्वेला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. तिथे त्यानं स्वतःची कॅसेट करायला घेतली. ए बाजूला चटकन तोंडात बसणारी गाणी, बी बाजूला ती अख्खी धून.

"ए बाजूची तुला तरी आवडतात का?" मी विचारलं.

"एक आवडतं. बाकीची रिक्षावाल्यांसाठी."

"मग नुसती बी बाजूच काढ ना."

"कोण घेणार? आधी कॅसेट घरात शिरू दे. मग उलटून लावतील. मग कळेल चोर कोण ते."

असं म्हणायचा, आणि त्या रिक्षावाल्यांच्या गाण्यातलाही एक सूर मनासारखा लागेना तर दुपारभर मला जेवायला उठू द्यायचा नाही.

मीरा रोड स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांत ए बाजू खरंच वाजू लागली. एकदा आम्ही दोघं बसलो होतो त्या रिक्षात बी बाजू लागलेली होती. मी खुशीत त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात रिक्षावाला म्हणाला, "ये तो साबुन का गाना है. चुराया है किसीने."

उतरून यानं पैसे दिले. मग म्हणाला, "मीच चोर ठरलो रे."

पुढे एका बिल्डरनं नव्या इमारतींच्या बुकिंगसाठी मैदानात कार्यक्रम ठेवला. पाहुणा म्हणून तोच गायक येणार होता. साथीच्या ऑर्केस्ट्रात यानं मुद्दाम काम मागून घेतलं आणि ड्रमरला आठवडाभर स्वतःच्या घरी बोलावून त्या धूनसाठी तयार केलं.

लोकांनी साबणाचं गाणं मागितलं. गायकानं गायलं, टाळ्या सुरू झाल्या, पण गिटार थांबेना. धून पुढे निघाली आणि सात मात्रांच्या तालात शिरली. सात मात्रा गायकाला बँडमध्येही कधी जमल्या नव्हत्या. म्हणून तर त्यानं सुरुवातच तेवढी उचलली होती. त्यानं दोनदा ओळ धरली, दोनदा सम चुकली. लोक हसले.

हा माइककडे वाकला. "गा ना. तुझंच गाणं आहे ना?"

यानं धून शेवटपर्यंत वाजवली. बुकिंगचे कागद हातात धरून माणसं ऐकत राहिली.

काही महिन्यांनी हा प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये गेला. इथली जागाही विकली. भावानं येऊन सामान नेलं.

मला अजून दिसतो तो त्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी, स्टेजच्या पायऱ्यांपाशी. गायकानं हात पुढे केलाय. "झालं गेलं विसर यार." हा गिटारची वायर गुंडाळतोय. नीट गुंडाळून होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग ते वेटोळं त्यानं त्या पुढे आलेल्या हातात ठेवलं.

"रिक्षापर्यंत आणून दे."

आणि गायक खरंच निघाला, खुर्च्यांमधून वाट काढत. मागून हा, गिटार खांद्याला लावून, अगदी सावकाश.