लॉक लागणारच

पोस्टिंग ईशान्येत होतं, डोंगरातल्या एका चौकीच्या पायथ्याशी. मी ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर, लान्स नायक. को-ड्रायव्हर शिपाई किसन साळवे. तो अंबड तालुक्यातला, माझ्याच गावचा. आमच्या ताब्यात चारही चाकं ओढणारी फोर-व्हील ॲम्ब्युलन्स होती. पहाटे तेल, पाणी, टायर तपासायचे, वर औषधं पोचवायची, येताना आजारी जवान आणायचे. पावसाळ्यात रस्ता रोज थोडा थोडा दरीत जायचा. त्याचीही सवय झाली होती.

त्या सकाळी अपेंडिक्स फुटलेला एक जवान घेऊन आम्ही उतरत होतो. अर्ध्या वाटेत रस्त्यावर गाळ आला होता. दरीकडची दोन चाकं गाळात गरगर फिरू लागली. डोंगराकडची दोन कोरड्या दगडावर होती, पण ती ढिम्म उभी. गाडी तसूभर हलेना. पुढे गेलेल्या सुभेदारसाहेबांचा आवाज वायरलेसवर आला.

"चार्ली टू, जल्दी निकलो. ऊपर से पहाड छूट रहा है."

किसन दार उघडून खाली उतरला.

"तू ॲक्सिलेटर सोडू नको," तो म्हणाला. "मी दगड लावून राह्यलो."

त्याने चाकाखाली दोन दगड ठोकले. चाकाने पकड घेतली, गाडी उसळून पुढे आली, आणि मागे मोठा आवाज झाला. आरशात पाहिलं तर मागे रस्ता नव्हता.

"चार्ली टू, रिपोर्ट."

"पेशंट ओके. को-ड्रायव्हर मिसिंग. ओव्हर."

पेशंट वाचला. किसन तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडला.

पेन्शनीवर गावी आलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या गावाची एक वस्ती नाल्यापलीकडे आहे. मधे सगळी काळी माती. पाऊस पडला की ती माती बैलालाही सोडत नाही. तिथला पेशंट बाजेवर घालून आणायचे, आणि दोन बायका अडल्या त्या बाजेवरच गेल्या. किसनची बायको, सुमनवहिनी, त्याच वस्तीत राहायच्या, अंगणवाडी चालवायच्या. त्यांनी धोशा लावला म्हणून गावाने वर्गणी काढून लष्कराच्या लिलावातली एक जुनी फोर-व्हील व्हॅन घेतली. चालवायची मी.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मागच्या एक्सलला डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा खटका, बसवल्याशिवाय ही गाडी पेशंटला उपयोगाची नाही. सरपंच भाऊसाहेबांना ते पटेना.

"फौजी, चारी चाकं वढतेत ना? मंग लॉक कशाला? उगं फालतू खर्चा."

अंबडच्या मेकॅनिकने वेगळाच तोडगा काढला. "डिफ वेल्ड करून टाकतो साहेब. जल्दी काम, दोन्ही चाकं कायम एकत्र फिरतील."

"वेल्ड न्हाई," मी म्हणालो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला असतो. दोन्ही कायमची जखडली की डांबरी रस्त्यावर टायर घासणार आणि ओल्या वळणावर गाडीची शेपूट फिरणार. मला लिव्हरचं लॉक पाहिजे होतं, चिखलात लावायचं, बाहेर आलं की काढायचं. दोघेही हसले. फौजी हटून बसला, असं गावभर झालं. बसलोच होतो.

मी भाऊसाहेबांच्याच शेताच्या कडेला पाणी सोडलं, डावी दोन चाकं त्या चिखलात उभी केली आणि उजवी कोरड्या बांधावर. सगळ्या गावासमोर फोर-व्हील टाकून क्लच सोडला. डावी चाकं फिरली, चिखल भाऊसाहेबांच्या धोतरापर्यंत उडाला. उजवी हललीसुद्धा नाहीत. डिफरन्शियलचा न्यायच असा आहे, जे चाक कामचुकार, ताकद त्याच्याच घरी.

"पर अशी येळ रोज थोडीच येती?" भाऊसाहेब धोतर झटकत म्हणाले. "फसली तर चाकाखाली दगड लावू. मान्सं काय कमी हाय का?"

सुमनवहिनी गर्दीत मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"माझा मानूस दगड लावायलाच उतरल्ता, भाऊसाहेब. आता कोनाला उतरवता? नाव सांगा."

भाऊसाहेबांनी तिथेच लॉकच्या खर्चाला मान डोलावली. भंगारातल्या एका गाडीचा लॉकवाला एक्सल मिळाला, तो मी आणि मेकॅनिकने मिळून बसवला.

त्याच पावसाळ्यात वस्तीवरून एका बाळंतिणीला आणताना नाल्याच्या चढावर मागचं डावं चाक फिरायला लागलं. शेजारी बसलेल्या सुमनवहिनींचा हात दाराकडे गेला.

"वहिनी, दार लावा. कुनी उतरायचं न्हाई."

मी लिव्हर ओढली. दोन्ही चाकं एकदम फिरली आणि गाडी चिखल कापत वर आली. वहिनी डांबरी लागेपर्यंत रडत होत्या. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती व्हॅन मी चालवली. लोक अजून चिडवतात, वर्षात चार-दोनदा लागणाऱ्या लॉकसाठी फौजी गावाशी भांडला. भांडलो, आणि परत भांडेन. किसन साळवेसुद्धा एकदाच खाली उतरला होता.